यादीतला आठवा

बाजाराच्या तिसऱ्या गल्लीत कोपऱ्यावर मटणाचं दुकान आहे. त्याच्या मालकाला सगळा बाजार सत्तूर म्हणतो. तोंडावर म्हणतो आणि तोही ओ देतो. पन्नाशीचा माणूस, डावखुरा, बोलणं तुटक. राग आला की डावा हात आधी उठतो, डोकं मागून सावकाश येतं. एकदा वजनावरून हुज्जत घालणाऱ्या गिऱ्हाइकाचा कान त्यानं असा पिरगाळला होता, की तो बिचारा पुढे महिनाभर समोरच्या फुटपाथवरून जायचा. बायको म्हणायची, "आधी तुमचा हात विकायला काढा, मग दुकान चालेल."

तर हा असला माणूस बुद्धिबळाचं भाकीत सांगायचा. हसू नका. वर्षातून एकदा शहराच्या मोठ्या सभागृहात जगातले आठ नामांकित खेळाडू येऊन बसायचे. सात दिवस, सात फेऱ्या, प्रत्येकानं प्रत्येकाशी खेळायचं. आदल्या दिवशी सगळ्यांची ओळखपरेड व्हायची. सत्तूर त्या दिवशी दुकान बायकोवर टाकून, अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून पहिल्या रांगेत जाऊन बसायचा. परत आला की दुकानातल्या पाटीवर, मटणाच्या भावाखाली, खडूनं आठ नावं लिहायचा. पहिला कोण येणार, शेवटचा कोण येणार, सगळं. आणि प्रत्येक नावापुढे कारण. कारणाशिवाय सांगितलेलं भाकीत त्याला थापेबाजी वाटायची.

कारणंही त्याचीच. 'हरल्यावर पाणी पितो, बरा आहे.' 'बूट नवे घालून आलाय, घाबरलाय.' 'बसताना खुर्ची दोनदा सरकवतो, तिसऱ्या दिवशी मोडेल.' डाव सगळेच बघतात, मी माणूस बघतो, असं तो म्हणायचा. पटाकडे तो ढुंकून बघायचा नाही. वर्तमानपत्रातले जाणकार एकीकडे आणि सत्तूर एकीकडे. नऊ वर्षांत सात वेळा त्याचा पहिला तो पहिलाच आला होता. लांबलांबची माणसं पाटी बघायला म्हणून यायची आणि लाजेकाजेस्तव अर्धा किलो घेऊन जायची. त्या पाटीवर त्याचा जीव होता. लग्नाचा फोटो आतल्या खोलीत आणि पाटी दर्शनी भिंतीवर, यावरून काय ते समजा.

दहाव्या वर्षी त्या आठांत त्याचा धाकटा भाऊ होता.

आता हे जरा सांगायला पाहिजे. बाप गेला तेव्हा सत्तूर वीस वर्षांचा होता आणि धाकटा सहा. आई आधीच गेलेली. सत्तूर स्वतः तेव्हा चांगला खेळायचा, गावोगावच्या स्पर्धांना जायचा. बाप गेला आणि पट बाजूला ठेवून त्याला बापाच्या दुकानात, मटण तोडायच्या ओंडक्यापाशी उभं राहावं लागलं. ती जळजळ कुठेतरी निघायला हवी होती, ती धाकट्यावर निघाली. रोज संध्याकाळी दुकान धुतलं की दोघं समोरासमोर बसायचे. धाकट्याची खेळी चुकली की सत्तूरचा डावा हात फाडकन त्याच्या उजव्या गालावर. का खेळलास ते सांग. सांगता आलं नाही की आणखी एक. पोराच्या उजव्या गालावर बोटं कायमची उमटलेली असायची. शेजारीपाजारी बोलायचे, तर हा म्हणायचा, "माझा भाऊ आहे, मी बघून घेईन." घडवतोय असंच त्याला वाटायचं, आणि पोरगं खरंच घडत होतं, तीच तर पंचाईत होती.

सतरा वर्षांचा असताना धाकट्यानं हातातला डाव घालवला. सत्तूरनं ठेवून दिली ती अशी बसली की पोरगं खुर्चीसकट आडवं झालं आणि कानातून रक्त आलं. धाकटा उठला, तोंड धुतलं, सोंगट्या डब्यात भरल्या आणि अंगावरच्या कपड्यांनिशी निघून गेला. त्याला एकोणीस वर्षं झाली. पत्र नाही, फोन नाही. पुढे त्याचं नाव पेपरात यायला लागलं. सत्तूर ते कापून गल्ल्यात ठेवायचा आणि बाजारभर सांगायचा, "माझा भाऊ. मी तयार केलाय." भेटायला मात्र एकदाही गेला नाही.

ओळखपरेडीला धाकटा मंचावर आला. केस पिकायला लागलेले, अंगानं भरलेला. पहिल्या रांगेवरून त्याची नजर फिरली आणि सत्तूरवरून तशीच पुढे गेली, जणू तिथे रिकामी खुर्ची होती. सत्तूर दुकानात परतला आणि पाटी लिहायला बसला. पहिला लावला तो बर्फ. हे बाजारानं ठेवलेलं नाव, कारण तो खेळाडू चार-चार तास पापणी हलवायचा नाही. मग एकेक करत सात नावं झाली, कारणांसकट. आठवं नाव धाकट्याचं. त्यापुढे कारण नाही.

"असं का?" बायकोनं विचारलं.

"मला माहीत आहे म्हणून."

त्याला माहीत होतं ते हे, की उजव्या बाजूला काही आपटलं, कुणाचा हात झपकन वर आला, की धाकटा मान आत घेतो आणि पुढची खेळी चुकतो. लहानपणी हजारदा पाहिलं होतं. आणखी एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली होती. या स्पर्धेत जुना शिरस्ता असा, की पटाशेजारचं घड्याळ कुठल्या बाजूला ठेवायचं ते काळ्या सोंगट्यांवाला ठरवतो. खेळी करून झाली की त्याच हातानं घड्याळाची कळ दाबायची, म्हणून उजव्या हाताची माणसं ते आपल्या उजवीकडे मागतात. म्हणजे समोरच्याच्या डावीकडे. आणि धाकट्याकडे काळ्या सोंगट्या असल्या की तो स्वतः घड्याळ आपल्या डावीकडे मागायचा. छापून आलेले सगळे फोटो सत्तूरनं तपासले होते. एकोणीस वर्षं धाकटा उजवी बाजू रिकामी ठेवून खेळत आला होता. कुणाला पत्ता नव्हता. सत्तूरला होता, कारण ती बाजू त्यानंच बाद केली होती.

स्पर्धा सुरू झाली आणि धाकट्यानं पहिल्या दोन्ही फेऱ्या जिंकल्या. तिसरी बरोबरीत. चौथी जिंकली. बाजारात खसखस पिकायला लागली. सहा फेऱ्या झाल्या तेव्हा तो बर्फाच्याही अर्धा गुण पुढे होता. शेवटच्या दिवशी त्या दोघांचाच डाव होता. बर्फाकडे काळ्या सोंगट्या. धाकट्यानं नुसती बरोबरी केली तरी तो पहिला.

त्या दिवशी सकाळी दुकानापुढे ही गर्दी. शेजारचा कोंबडीवाला सगळ्यात पुढे. तो असल्या संधीची वाटच बघत असतो.

"काय सत्तूर, आठवा पहिला येतोय की. पाटी उलटी टांगू का?"

सत्तूर खाली मान घालून बरगड्या तोडत होता.

"जळतोयस तू भावावर. भाऊ कसला, वैरी म्हण."

सत्तूरनं हातातला सत्तूर ओंडक्यात रोवला, बाहेर आला, कोंबडीवाल्याची मानगूट धरली आणि त्याचं तोंड त्याच्याच पिंजऱ्यावर आपटलं. एकदा, दोनदा. आत कोंबड्या फडफडून एकमेकींवर पडल्या. नाकातून धार लागली, पुढचा एक दात हलला. तिघांनी मिळून सत्तूरला मागे ओढला तेव्हा त्याच्या मुठीत कोंबडीवाल्याची कॉलर आणि थोडे केस होते. कोंबडीवाला शिव्या देत नळाकडे गेला. गर्दी पांगली नाही, अजून काही बघायला मिळेल म्हणून थांबली.

त्या गर्दीतला एक सभ्यसा माणूस पुढे आला. चष्मा, हळू आवाज.

"साहेब, राग नका मानू. मी तुमची पाटी दरवर्षी बघतो. सातांपुढे कारण आहे, आठव्यापुढे नाही. म्हणजे हा नुसता अंदाजच ना?"

बाकी कशानं नाही, पण या 'नुसता अंदाज'नं सत्तूर पेटला. नऊ वर्षांची अब्रू होती. अंगातला राग अजून उतरला नव्हता आणि सगळे बघत होते.

"अंदाज?" तो म्हणाला. "या इकडे." आणि त्यानं ओंडक्यापाशी नेऊन दाखवलं. धाकटा कसा बसतो, घड्याळ कुठे मागतो. मग डावा तळवा त्या माणसाच्या उजव्या कानाजवळ नेऊन त्यानं तो ओंडक्यावर असा हाणला की तिथला हाडांचा चुरा उडाला. "हे. हे एवढं केलं की तो संपला. लिहून घ्या. दुसऱ्या कुणाला हे जमायचं नाही, कारण कुणाला ठाऊकच नाही."

"पटलं," तो माणूस म्हणाला आणि गेला.

सत्तूरला फार बरं वाटलं. दुपारपर्यंत बरं वाटत होतं. चार वाजता बायको ओटा पुसता पुसता म्हणाली, "तो सकाळचा चष्मेवाला काही न घेताच गेला. सभागृहातलाच कुणीतरी असणार. खेळाडूंच्या माणसांना देतात ना ती निळी फीत, ती त्यानं शर्टाच्या आत खोचली होती."

सत्तूरच्या हातातला सुरा खाली पडला. "मग सांगितलं का नाहीस?"

"तुमच्या हातात तेव्हा माणसाचे केस होते," ती म्हणाली. "कोण बोलणार?"

तो तसाच पळत सुटला. डाव दोनला सुरू झाला होता. हात धुवायचंही भान राहिलं नाही. दारावरच्या रखवालदाराला ढकलून तो आत घुसला आणि मागच्या भिंतीला टेकून उभा राहिला. छातीचा भाता झाला होता. सभागृहात कुणी हूं की चूं करत नव्हतं. मंचावर एकच टेबल उरलं होतं, बाकीचे डाव आटोपले होते.

घड्याळ धाकट्याच्या उजवीकडे होतं.

बर्फ उजव्या हाताचा माणूस. सह्या उजव्या हातानं देतो, कप उजव्या हातानं धरतो. तो डाव्या हातानं खेळत होता. अवघडल्यासारखं प्यादं उचलायचा, ठेवायचा, आणि मग तोच डावा हात खांद्याच्या वर नेऊन घड्याळावर फाडकन आणायचा. पंच उठून काहीतरी बोलून गेला, तरी पुढच्या खेळीला पुन्हा फाडकन. पहिल्या रांगेत चष्मेवाला मांडीवर हात ठेवून बसला होता.

सत्तूरला तो हात दिसला आणि दुसरं काही दिसेना. तो त्याचाच हात होता. त्याच बाजूनं वर जात होता, त्याच बाजूनं खाली येत होता, आणि टेबलाच्या पलीकडे त्याला छत्तीस वर्षांचा खेळाडू नाही, नऊ वर्षांचं पोरगं दिसत होतं. आपल्या भावाला आपण विकलं, तेही फुकट, चार टाळक्यांपुढे शहाणपण मिरवायला, हे त्याला लख्ख कळलं आणि ते सोसेना. आणि असलं काही सोसलं नाही की त्याला एकच गोष्ट येत होती.

मंचापुढे बांधलेली दोरी त्यानं छातीनं तोडली. चार पायऱ्या दोन ढांगांत. बर्फाचा हात घड्याळावर येतच होता, तो सत्तूरनं हवेतच मनगटात पकडला आणि टेबलाच्या कडेवर आदळला. दोन बोटं मोडल्याचा आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला असं लोक सांगतात. बर्फ ओरडला, खुर्चीवरून घसरला. चष्मेवाला धावत वर आला, तर सत्तूरनं गुडघा त्याच्या पोटात घातला आणि तो पायऱ्यांवरून खाली गेला. "आपट," सत्तूर बर्फावर खेकसत होता, "आपट आता, आपट की." आणि त्याला ठेवून द्यायला त्यानं डावा हात पूर्ण वर उचलला.

धाकट्याला त्यानं तेव्हा पाहिलं. धाकटा खुर्चीतच होता. त्यानं डोळे मिटले होते, दोन्ही हात मांडीखाली घातले होते आणि उजवा गाल वर करून पुढे धरला होता. पूर्वी सत्तूरचाच नियम होता तो. हातानं झाकलास तर दोन, गाल पुढे केलास तर एकच. हजार माणसं बघत असताना तो तसा बसून राहिला, एकाची वाट बघत.

सत्तूरचा हात वरच राहिला. रखवालदारांनी त्याला खाली पाडलं, एकानं बुटानं बरगड्यांत हाणलं, एकानं काठीनं खांद्यावर. त्यानं एकही चुकवला नाही. गाल टेबलाच्या पायाशी दाबला गेला असताना वरच्या मोठ्या पडद्यावर त्याला पट दिसला, त्या दिवशी पहिल्यांदाच. धाकट्याचं प्यादं वजीर व्हायला एक घर उरलं होतं आणि त्याला अडवायला बर्फाकडे काही नव्हतं. अगदी नवशिक्यानंही सांगितलं असतं. धाकटा जिंकत होता, आणि कितीतरी वेळापासून जिंकत होता.

त्याला बाजूच्या खोलीत नेऊन बसवलं. म्हातारा पंच कागद घेऊन समोर बसला. दारात चष्मेवाला पोट धरून उभा.

"त्या आपटण्याबद्दल मी ताकीद दिली होती," पंच म्हणाला. "पण त्याचा त्यांना काडीचा त्रास नव्हता. उजव्या कानानं त्यांना ऐकू येत नाही. अर्जात लिहिलेलं आहे, सतराव्या वर्षापासून. ती बाजू ते रिकामी ठेवतात ती माणसांनी तिकडून बोलू नये म्हणून. तुम्ही कशाला आलात मधे?"

सत्तूरनं ओठातलं रक्त खांद्याला पुसलं.

"एक नीट सांगा," पंच म्हणाला. "नियम आहे. खेळाडूच्या घरच्या माणसानं डावात हात घातला तर तो डाव त्या खेळाडूचा गेला. परक्यानं घातला तर जिथे थांबला तिथून पुढे चालतो. तुम्ही त्यांचे कोण?"

इतकी वर्षं जे वाक्य त्यानं बाजारात भेटेल त्याला ऐकवलं होतं, ते जिभेवर आलं. त्यानं ते गिळलं.

"कोणी नाही."

"मग?"

"मी मटणवाला. भाकीत सांगतो. याला आठवा लावला होता आणि हा पहिला यायला लागला. लोक हसायला लागले. सहन झालं नाही. याचाच डाव उधळायला आलो होतो, तो दुसरा मधे सापडला." सावकाश, एकेक शब्द तोडून तो बोलला. "लिहा. माझी यादी चुकली म्हणून."

"नाव?"

आडनाव जुळलं असतं, म्हणून त्यानं कोंबडीवाल्याचं नाव आपलं म्हणून सांगून टाकलं.

पंच चष्मेवाल्याकडे वळला. "तुम्ही ओळखता यांना?"

"मला कुठे भेटला ते सांगू दे त्याला," सत्तूर म्हणाला. "आणि उजव्या हाताचा माणूस आज डाव्या हातानं का खेळत होता, तेही सांगू दे."

चष्मेवाल्याचा चेहरा पडला. "नाही," तो म्हणाला. "पहिल्यांदाच बघतोय."

शेवटी धाकट्याला बोलावलं. तो दारात येऊन उभा राहिला. एकोणीस वर्षांनी दोघं एवढ्या जवळ आले होते. सत्तूरच्या ओठातून रक्त येत होतं, हात मागे बांधलेले होते. पंचानं धाकट्याच्या डाव्या बाजूला जाऊन विचारलं, "हा माणूस तुमचा कुणी लागतो? विचार करून सांगा, डाव त्यावर आहे."

धाकट्यानं सत्तूरकडे बघितलं. ओंडक्यावरचं एखादं जनावर बघावं तसं नाही, रागानं नाही, कीव करूनही नाही. नीट, वेळ घेऊन बघितलं.

"नाही," तो म्हणाला. "ओळखत नाही मी यांना."

आणि तो डाव संपवायला निघून गेला. बर्फ पट्टी बांधून उजव्या हातानं चार खेळ्या खेळला आणि मग डाव सोडला. टाळ्या त्या खोलीपर्यंत ऐकू आल्या. सत्तूरनं आठ महिने आत काढले. बाजारातल्या एकानंही खरं काय ते बाहेर सांगितलं नाही, कोंबडीवाल्यानंसुद्धा. पेपरात आलं की भाकीत चुकल्यामुळे माथेफिरूचा हल्ला.

बायको भेटायला जायची तेव्हा तो दरवेळी तिला एकच विचारायचा. ते 'नाही' धाकट्यानं डाव वाचवायला म्हटलं, की खरंच तसं होतं? ती बिचारी काय सांगणार. माणूस बघून सांगणारा तो, त्यालाच ते सांगता येत नव्हतं.